रूळ गेले, वाट राहू द्या

पाणंद एका दिवसात नाहीशी होत नाही. एका बाजूचा शेतकरी नांगर वळवताना हातभर आत येतो, पुढच्या वर्षी समोरचा येतो. कोणी तोंडाशी काट्यांची फांदी आणून टाकतो, कोणी ओढ्यावरची मोरी बुजवतो. गाडीवाटेची पायवाट होते, पायवाटही मोडते आणि मग एका हंगामात ऊस बाहेर काढायला रस्ताच उरलेला नसतो. त्यानंतर तहसीलदारांकडे अर्ज, मोजणी, पंचनामा, भाऊबंदकीतली जुनी उणीदुणी, आणि शेवटी पाणंदी मोकळ्या करण्यासाठी सरकारी योजना. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना ही कहाणी ठाऊक आहे. तिच्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाट म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची बेरीज नव्हे. दोन मैलांच्या वाटेतले मधले वीस फूट कोणी गिळले, तर वाट वीस फुटांनी आखूड होत नाही; ती वाट म्हणूनच संपते.

आज हेच आपल्या डोळ्यांदेखत एका फार मोठ्या वाटेच्या बाबतीत घडते आहे, आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. ही वाट म्हणजे बंद पडलेले रेल्वेमार्ग. १९९२ पासून भारतीय रेल्वेने देशभर एकच माप आणण्याचे काम हाती घेतले. नॅरोगेज आणि मीटरगेजचे बहुतेक मार्ग ब्रॉडगेज झाले, आणि ते योग्यच झाले. पण नवा मार्ग जिथे जुन्याची साथ सोडून वेगळा गेला, किंवा गाडी थांबली आणि नवा मार्ग अजून आलाच नाही, तिथे जुन्या मार्गाची लांबच लांब पट्टी मागे राहिली. रूळ निघाले, स्लीपर निघाले, लोखंडाचा लिलाव झाला. उरलेल्या मातीला काही किंमत आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. या लेखाचे म्हणणे नेमके उलट आहे. बंद रेल्वेमार्गाची खरी किंमत लोखंडात कधीच नव्हती; ती त्याच्या सलगपणात आहे. हा सलगपणा टिकवण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे त्या मार्गावरून माणसांना पायी चालू देणे. पाणंद वर्दळीने जिवंत राहते, तसाच हा मार्गही राहील.

हा सलगपणा इतका मोलाचा का, हे समजण्यासाठी रेल्वेची रेघ कशी आखली जाते ते पाहिले पाहिजे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने धावते. त्यामुळेच एक इंजिन सपाटीवर प्रचंड ओझे ओढू शकते, आणि त्यामुळेच चढ लागला की तेच इंजिन अडते. बैलगाडी टेकाड चढून पलीकडे उतरते, मोटार तर त्याची पर्वाच करत नाही. पण रेल्वेला शंभर फुटांत एक फूट चढ हाही मोठाच. म्हणून आखणी करणारा इंजिनिअर टेकाड आले की ते खोदून खिंड पाडतो, त्या खोदाईची माती पुढच्या खोलगट भागात टाकून भराव उभारतो, ओढ्यावर मोरी बांधतो आणि डोंगराला मोठे, सैल वळण घेतो. यातली कोणतीही गोष्ट एकटी नसते. खिंड आहे म्हणून भराव आहे, भराव आहे म्हणून मोरी आहे, आणि पाच मैलांवरच्या पुलाची उंची ठरलेली आहे म्हणून इथला उतार एवढाच आहे. पन्नास मैलांचा रेल्वेमार्ग हे पन्नास मैल लांबीचे एकच बांधकाम असते. वाड्याची एक भिंत पाडली तरी वाडा ओळखू येतो. रेल्वेमार्गाचा एक भराव कापला की उरलेला भाग म्हणजे रानातली मातीची वरंब ठरते.

हे बांधकाम नीट वाचायचे असेल तर पायी चालण्याला पर्याय नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात जुनी रेघ दिसते, पण तिचा चढ-उतार दिसत नाही. मोटारीतून तर ती ओलांडली हेही कळत नाही. पावलाला मात्र चढ कळतो. सारखा, न तुटणारा, जवळजवळ जाणवणारही नाही असा चढ मैलभर लागला की समजावे, ही गाडीवाट नव्हे. मग बाकीच्या खुणा एकेक करून बोलू लागतात. भरावाच्या दोन्ही बाजूंना ओळीने खड्डे दिसतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साठते. भरावाची माती तिथूनच उचललेली असते. आजूबाजूच्या शेतात कुठेच नसलेली एकसारख्या आकाराची काळ्या दगडाची खडी पायाखाली येते. आता पाणी नसलेल्या ओढ्यावर घडीव दगडांची कमान असते; बांधली तेव्हा तो ओढा किती वाहत होता, हे तिच्या रुंदीवरून कळते. ओसाड माळावर अचानक एक बांधीव विहीर, दोन-तीन जुनी कडुलिंबाची झाडे आणि एका ओळीतल्या खोल्यांची जोती दिसली तर तिथे स्टेशन किंवा गँगमनची चाळ असणार. स्टेशनाच्या नावात ‘रोड’ हा शब्द असेल तर आणखी एक गोष्ट समजते: मूळ गाव इथून बरेच दूर आहे. रेल्वे त्या गावाला गेलीच नाही, गावालाच रेल्वेकडे यावे लागले. एका शब्दात त्या काळच्या पैशाचे, राजकारणाचे आणि भूगोलाचे गणित मावलेले असते.

महाराष्ट्रात या वाचनाचा पहिला धडा भोर घाटात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये हा घाट चढायला सुरुवात केली आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. जवळपास १६ मैलांत १,८३१ फुटांचा चढ, २५ बोगदे, आठ मोठे पूल आणि काही ठिकाणी सदतीस फुटांत एक फूट असा तीव्र चढ. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे पार पाडले. काम भरात असताना घाटात सुमारे ४२,००० मजूर राबत होते. कड्यावर उभे राहायला जागा नव्हती तिथे माणसांना दोराने खाली सोडून सुरुंगांची भोके पाडली गेली. पटकीच्या साथींनी तळच्या तळ ओस पडले. एवढे करूनही एका ठिकाणी डोंगराने सरळ वाट दिलीच नाही. मग तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधण्यात आले: गाडी एका कड्यावर येऊन थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये विजेची इंजिने आली, नवा मार्ग काढला गेला आणि हा जुना भाग सुटला.

आज हजारो प्रवासी त्या घाटातून रोज जातात. २५ बोगदे हा आकडाही पुष्कळांना पाठ असतो. पण गाडी उलटी का फिरवावी लागली, हे आकड्यावरून समजत नाही. खंडाळ्याच्या बाजूला जुन्या मार्गाचे दगडी बांधकाम अजून उभे आहे. तिथली जमीन पाहिली की कळते, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला सरळ कातळ आणि मधे दोन-तीन रूळ बसतील एवढीच अरुंद कड. इंजिनिअरची बुद्धी आणि त्याची हतबलता, दोन्ही त्या एका कडेवर शेजारी उभ्या आहेत. कागदावरच्या इतिहासात बर्कली आणि ट्रेडवेल यांची नावे आहेत, मजुरांची नाहीत. त्या ४२,००० माणसांचा पुरावा म्हणून आपल्याकडे उरले आहे ते त्यांनी फोडलेले कातळ आणि रचलेले दगड. तेच नाहीसे होऊ दिले तर त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला काहीही उरणार नाही.

दुसरे उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचे. या लेखाच्या मुद्द्यासाठी त्याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. मुंबई-सोलापूर मुख्य मार्गाने बार्शीची बाजारपेठ बाजूला टाकली. सर्वांत जवळच्या स्टेशनाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. तेच आजचे कुर्डुवाडी. कापूस आणि गळिताचे धान्य गाड्यांत भरून तिथपर्यंत न्यावे लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने हे हेरले. अडीच फूट रुंदीचा मार्गही मोठी वाहतूक करू शकतो, असे त्याचे ठाम मत होते. त्यासाठी त्याने एक साधा नियम लावला: इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. सगळ्या आसांवर सारखाच भार असला की हलके रूळ पुरतात, हलके पूल पुरतात आणि त्या रुळांची पूर्ण ताकद वापरता येते. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल. आषाढी-कार्तिकीला वारकरी आणि एरवी शेतमाल असे दुहेरी काम तिने पाऊण शतकाहून जास्त काळ केले. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले.

याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये आणखी एक छोटी रेल्वे उभी केली. स्टॅफर्डशरमधली ही लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. माप तेच अडीच फूट, इंजिनांची ठेवण बार्शीच्या इंजिनांवरून बेतलेली. मॅनिफोल्ड नदीच्या अरुंद खोऱ्यात आठ मैल धावणारी ही गाडी मुख्यत्वे दूध वाहायची. मोटारी आल्या, दूध रस्त्याने जाऊ लागले आणि १९३४ मध्ये रेल्वे बंद पडली. तीस वर्षांचेच आयुष्य, बार्शीच्या मानाने अगदीच तोकडे. पण कंपनीने तो सगळा पट्टा तुकडे न करता तिथल्या कौंटी कौन्सिलच्या हवाली केला आणि कौन्सिलने १९३७ मध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. त्या वाटेला ‘मॅनिफोल्ड वे’ म्हणतात. रेल्वे म्हणून ती तीस वर्षे जगली. वाट म्हणून नव्वद वर्षांच्या घरात आली आहे. कॅलथ्रॉपने कोणत्या वळणाला किती माती टाकली, हे आजही तिथे चालत जाऊन पाहता येते.

आता बार्शीकडे पाहू. ब्रॉडगेजने बहुतेक ठिकाणी जुन्या दिशेचाच आधार घेतला, पण सगळीकडे नाही. जुनी गाडी येडशीहून जायची आणि धाराशिव शहर बाजूला राहायचे. नव्या मार्गाने वळण घेऊन धाराशिवला रेल्वेवर आणले. लातूरचे नवे स्टेशन जुन्या वस्तीबाहेर गेले. हे बदल लोकांच्या सोयीचेच होते. पण सुटलेल्या जुन्या पट्ट्याचे काय करायचे, हा प्रश्न ब्रॉडगेजच्या आनंदात कोणी विचारला नाही. लातुरात ‘जुनी रेल्वे लाइन’ हे नाव पत्त्यांत अजून वापरले जाते. दुकानाच्या पाटीवर, टपालावर, रिक्षावाल्याच्या तोंडी ते आहे. रेल्वे गेल्यावरही लोकांनी ती रेघ मनात जपली, याचा तो पुरावा. मात्र पत्ता उरणे आणि वाट उरणे यांत फरक आहे. एकाच माणसाने आखलेल्या दोन मार्गांपैकी एकाची वाट राहिली आणि दुसऱ्याच्या सुटलेल्या भागाचे बहुतांशी नावच राहिले. हा फरक इंजिनिअरिंगमुळे पडला नाही, हवामानामुळेही नाही. एका ठिकाणी पट्टा सलग ठेवायचा असे वेळेवर ठरले, दुसऱ्या ठिकाणी काहीच ठरले नाही. एवढाच तो फरक.

काहीच न ठरवण्याची किंमत किती असते, हेही ब्रिटनमध्येच पाहायला मिळते. १९६३ च्या बीचिंग अहवालाने सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांवर स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. पुढच्या काही वर्षांत बंद झालेल्या मार्गांची जमीन बऱ्याच ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. एडिंबरा ते कार्लाइल हा ‘वेव्हर्ली’ मार्ग १९६९ मध्ये बंद झाला. मधल्या काळात कुठे त्यावर घरे झाली, कुठे शहराचा वळणरस्ता त्याला आडवा छेदून गेला. पुढे त्या भागाला रेल्वेची गरज पुन्हा भासली, आणि त्यातला सुमारे पन्नास किलोमीटरचा भाग पुन्हा बांधायला जवळजवळ तीस कोटी पौंड लागले. २०१५ मध्ये तो सुरू झाला. उरलेला मार्ग अजून आलेला नाही. अमेरिकेने यातून वेगळा रस्ता काढला. तिथे १९८३ च्या कायद्याने ‘रेलबँकिंग’ची सोय झाली: कंपनीने गाडी बंद केली तरी मार्ग मोडीत निघाला असे धरायचे नाही, तो राखीव ठेव समजायचा, तोवर लोकांनी त्यावरून चालावे, सायकल चालवावी, आणि उद्या रेल्वे हवी झाली तर ठेव परत घ्यावी. जमीनमालकांनी याला आव्हान दिले. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, मात्र ज्यांचे नुकसान झाले असेल त्यांना भरपाई मागता येईल असेही सांगितले. मार्ग अखंड राहावा आणि माणसावर अन्यायही होऊ नये, दोन्ही साधणे शक्य आहे, हे त्यातून दिसते.

इथे पहिला आणि सर्वांत मनापासूनचा आक्षेप विदर्भातून येईल. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी किलिक निक्सन कंपनीने बांधली. पहिला फाटा ११३ किलोमीटरचा, दुसरा ७६ किलोमीटरचा. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. देशातली रेल्वे सरकारी झाल्यावरही या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहिली, हे तिचे वेगळेपण. २०१६ नंतरच्या काही वर्षांत तिच्या गाड्या थांबल्या. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, लोकांनी आंदोलने केली, आजही ते गाडीची वाट पाहत आहेत. त्यांना कोणी ‘तोवर चालायला वाट करू या’ म्हटले तर राग येणे स्वाभाविक आहे. आम्ही गाडी मागतो आणि तुम्ही फिरायला जागा देता, असे ते म्हणतील. पण हा राग ज्या भीतीतून येतो ती भीती नीट तपासली पाहिजे. पायवाटेमुळे रेल्वे परत येत नाही, असे जगातल्या अनुभवावरून दिसत नाही. रेल्वेची परतीची वाट अडते ती तुटलेल्या पट्ट्यामुळे. भरावाची माती वीटभट्टीला गेली, मोरीचे दगड घरांच्या जोत्यांना लागले, स्टेशनाच्या आवारात पक्की घरे उभी राहिली, की रुंदीकरणाचा खर्च वाढतो आणि ‘परवडत नाही’ म्हणायला नवे कारण मिळते. रोज शंभर माणसे चालतात त्या पट्ट्यावरची माती रातोरात कोणी उचलू शकत नाही. शकुंतलेवर प्रेम करणाऱ्यांनी सर्वांत आधी पायवाट मागायला हवी, कारण तीच उद्याच्या गाडीची राखण आहे.

दुसरा आक्षेप जमिनीचा. देशात जमिनीची टंचाई आहे, घरांना जागा नाही, रस्ते हवेत. अशा वेळी मैलोन्मैल जमीन चालण्यासाठी अडवून ठेवणे ही चैन नव्हे का? मोकळ्या रेल्वे जमिनीचा व्यापारी विकास करण्यासाठी केंद्राने रेल्वे भूमी विकास प्राधिकरण स्थापन केले आहे, म्हणजे या जमिनीकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणे सरकारलाही मान्य आहे. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. स्टेशनाच्या आवाराचा चौरस तुकडा घर, बाजार किंवा बसस्थानकाला उपयोगी पडतो; तो जरूर द्यावा. दोन स्टेशनांमधला पट्टा मात्र काही मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब असतो, कुठे वीस फूट उंच भरावावर, कुठे खिंडीच्या तळाशी. त्यावर वसाहत होत नाही, शेतीही धड होत नाही. तुकडे करून विकला तर शेजारच्या शेताला दोन गुंठे जोडले जातात, एवढाच लाभ. सलग ठेवला तर तोच पट्टा शाळेला जाणाऱ्या मुलांची मोटारींपासून दूर असलेली वाट होतो, जलवाहिनीला आणि तारांना जागा देतो, आणि गरज पडली तर पुन्हा रूळही घेतो. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातला बंद मार्ग २००० मध्ये सुमारे दीडशे किलोमीटरची वाट म्हणून खुला झाला आणि गाडी गेल्यावर ओस पडू लागलेल्या छोट्या वस्त्यांना मुक्कामाला येणाऱ्यांमुळे पुन्हा रोजगार मिळाला. जमिनीचा उपयोग म्हणजे बांधकामच, ही समजूतच तपासून पाहायला हवी.

तिसरा आक्षेप कायद्याचा आणि सुरक्षेचा, आणि तो पूर्णपणे मान्य केला पाहिजे. गाडी बंद झाली म्हणून जमीन रेल्वेची राहत नाही असे नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. बेवारस पुलांचे कठडे गेलेले असतात, बोगद्यांतले दगड सुटलेले असतात, वटवाघळे आणि साप असतात. भोर घाटातल्या जुन्या भागाच्या अगदी जवळून आजच्या वेगवान गाड्या जातात. तेव्हा हौसेने एकट्यादुकट्याने घुसणे हा शहाणपणा नव्हे आणि त्याची भलामणही करता येणार नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘चालू नका’ असा नसून ‘चालण्याची रीतसर सोय करा’ असा आहे. धोकादायक पूल बंद करून खालून वळसा द्यावा, बोगद्याला जाळी बसवावी, बाकीचा भाग ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे देखभालीसाठी सोपवावा, मालकी मात्र रेल्वेकडेच ठेवावी.

काही ठिकाणी मात्र माणसाने चालूच नये. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जायची. धूळघाटाजवळ ती स्वतःच्याच मार्गाला वेढा घालून, स्वतःवरूनच पुलाने ओलांडत चढायची. अशी वळणाकार चढण भारतात फार थोड्या ठिकाणी आहे. २०१७ पासून तिथली गाडी बंद आहे. रुंदीकरण त्याच जंगलातून न्यायचे की बाहेरून, यावर मोठा वाद झाला आणि अखेर जंगलाबाहेरचा पर्याय पुढे आला. म्हणजे तो अद्भुत वेढा आता कायमचा मागे राहणार. रेल्वेच्या इतिहासात रस असलेल्या कोणालाही तिथे चालावेसे वाटेल. तरीही गाडी जिच्यासाठी बाहेर काढली ती शांतता माणसांच्या पायांनी मोडणे हा उघड अन्याय ठरेल. वेढ्याची मोजणी, चित्रण आणि नोंद वनखात्याच्या देखरेखीत एकदाच नीट करावी आणि मग तो जंगलाला द्यावा. सलग पट्टा राखण्याचा आग्रह इथेही सुटत नाही, फक्त वर्दळ वाघाची, गव्याची राहते.

शेवटचा आक्षेप सर्वांत टोचणारा आहे. ज्यांच्या गावाला रेल्वे कधी आलीच नाही त्यांना या सगळ्याचे काय? तेलंगणातले बेज्जूर घ्या. प्राणहितेच्या काठच्या जंगलातला हा भाग जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, आता कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येतो. मराठी मुलूख नदीपलीकडेच. निजामाच्या रेल्वेने काझीपेठ-बल्लारशा मार्ग १९२०च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण केला. तो पश्चिमेकडून सिरपूर-कागजनगरवरून निघून गेला, आणि बेज्जूरच्या माणसाला आजही गाडी पकडायला तिकडेच जावे लागते. त्याला बंद मार्गांचे कौतुक ऐकवणे म्हणजे भुकेल्याला ताटांची नक्षी दाखवण्यासारखे वाटू शकते. पण नवा रेल्वेमार्ग बेज्जूरसारख्या गावांना का मिळत नाही, हे पाहा. सलग जमीन मिळवणे हेच नव्या मार्गातले सर्वांत अवघड काम. शेकडो सातबारे, वनजमिनीच्या परवानग्या, मोबदल्याचे दावे, यांत वर्षांमागून वर्षे जातात. एक सलग पट्टा मिळवायला किती कष्ट पडतात, हे ज्यांना तो कधीच मिळाला नाही त्यांच्याहून चांगले कोण सांगेल? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मिळालेला पट्टा हाती असताना तो विसकटू देणे हा त्या गावांचाही अपमान आहे. आणि हे मार्ग परक्या सत्तेने कापूस ओढून नेण्यासाठी बांधले, म्हणून ते जपायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी भोर घाटातला कातळ आठवावा. हुकूम परक्यांचा होता, हात इथल्या माणसांचे होते.

म्हणून करायचे काम मोठे नाही, फक्त वेळेवर व्हायला हवे. एखाद्या मार्गावरची शेवटची गाडी जायच्या आधीच त्याचा संपूर्ण नकाशा, मोऱ्या-पुलांची यादी आणि छायाचित्रे तयार व्हावीत. दोन स्टेशनांमधला पट्टा तुकड्यांनी देता येणार नाही, दिला तर अखंडच द्यावा लागेल, असा नियम हवा. भरावाची माती उचलण्यावर बंदी हवी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी भूगोल, इतिहास आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना परवानगी घेऊन तो मार्ग पायी चालायला लावावे. चढ मोजायला, दगड ओळखायला आणि त्या मार्गावर नोकरी केलेल्या वृद्धांशी बोलायला सांगावे. रूळ सांभाळणारे, फाटक उघडणारे, पाणी भरणारे लोक अजून हयात आहेत तोवरच हे होऊ शकते.

पंढरीची वाट शतकानुशतके टिकली ती तिच्यावर कोणाची मालकी होती म्हणून नव्हे. दरवर्षी ठरलेल्या दिवशी तिच्यावरून पावले गेली, म्हणून कोणा एकाला ती आपल्या शेतात ओढून घेता आली नाही. बार्शी लाइटने त्याच वारकऱ्यांना अनेक वर्षे पंढरपूरला पोचवले. आता तिची सुटलेली रेघ, शकुंतलेचा थांबलेला पट्टा आणि घाटातली ती अरुंद कड आपल्याकडून तेवढेच मागते आहे: अधूनमधून पावले, आणि मधले वीस फूट कोणी गिळणार नाही याची काळजी.